उठताना

गणपतीत आत्याकडे पंगत जमिनीवरच असते. बसायला काही वाटत नाही, वजन आपोआप खाली जातं. गोची उठताना होते. यंदा मठ्ठा संपवून उठायला गेलो तर एक हात जमिनीवर, दुसरा मेव्हण्याच्या खांद्यावर आणि तोंडात ‘आई गं’. समोर 78 वर्षांची आत्या नातवाच्या पानाशी उकिडवी बसून वरणभात कालवत होती. वाटी हातात घेऊन, कशालाही न टेकता उठली. ‘‘बसून बसून आखडलास रे,’’ म्हणाली आणि आत गेली.

घरी आल्यावर दिवस तपासला. डायनिंग टेबल, गाडी, ऑफिस, सोफा. पाट माळ्यावर, वरवंटा बाल्कनीतल्या कुंडीला टेकू. कमोड आल्यापासून तर माझे गुडघे काटकोनाच्या पुढे वाकतच नाहीत.

लंडनच्या दुमजली बसवरचं एक जुनं संशोधन आहे. डॉक्टर जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांचं, 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं. बस तीच, रस्ता तोच. पण दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. पुढे 1956 साली त्यांनी गणवेशांची मापं पाहिली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत मोठ्या! आता पोट आधी की सीट आधी, हा वाद उरतोच. पण माझ्या शिंप्याला विचारलं तर तो माझ्याबाबतीत एका वाक्यात निकाल देईल.

पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. चालताना ती आवळते आणि पायातलं रक्त वर ढकलते. संध्याकाळी घोट्यावर मोज्यांचे वळ उमटतात, ते बहुधा तिच्या संपामुळे. चालणारे स्नायू रक्तातली साखरही ओढून घेतात. जेवून लगेच सोफा गाठणाऱ्याला ही सोय नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मी ती एका रविवारी एकरकमी भरली. सोमवारी जिना आडव्या पावलांनी उतरलो, खेकड्यासारखा.

मग माळ्यावरून पाट काढला. रोज रात्री त्यावर जेवायचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी बायकोनं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि जाता जाता म्हणाली, ‘‘उठायचं झालं की हाक मार.’’