पेट्रोल पंपवाल्या, माफ कर रे बाबा

गाडी पावसात बंद पडते म्हणून तीन महिने मी पंपवाल्याच्या नावाने खडे फोडत होतो. कात्रज घाटात दोनदा बंद, एकदा तर मागे ट्रक होता. गल्लीतल्या मेकॅनिकने आधी प्लग बदलला, मग बॅटरी. अठराशे गेले.

परवा ऑफिसातला मित्र म्हणाला, चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ. नंबर हँडलखाली कोरलेला, त्यावर चिखलाचा थर. पेट्रोलच्या फडक्याने घासला तेव्हा कुठे सतरा अक्षरं दिसली. उत्तर आलं: गाडी रिकॉलमध्ये आहे, म्हणजे कंपनीनेच दोष मान्य करून फुकट दुरुस्तीला बोलावलेल्या गाड्यांत. दोष इग्निशन कॉइलचा, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. सेकंडहँड गाडी, त्यामुळे कंपनीचं पत्र आलंच असलं तर पहिल्या मालकाकडे साताऱ्याला.

आज सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "वॉरंटी संपली सर, पैसे लागतील." मोबाइल पुढे केला. रिकॉलचा आणि वॉरंटीचा काय संबंध? तो आत गेला आणि जॉबकार्ड घेऊनच आला. (१ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे, कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. हे त्याला ऐकवायचं राहिलं.)

पाऊण तासात काम झालं. मेकॅनिकने जुनी कॉइल हातावर ठेवली. "दादा, ही बघा." केसाएवढी चीर, कडेला हिरवट बुरा. एवढ्याशा फटीतून पाणी शिरत होतं!

निघताना मुद्दाम पाइपने पाणी मारून घेतलं. एका बटनात चालू. अठराशे कुणाकडे मागायचे, ते सांगा कुणीतरी.