अमेरिकी ट्यूब अँप २३० व्होल्टवर: पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा माझा अनुभव

माझा गिटारचा ट्यूब अँप (अ‍ॅम्प्लिफायर), १९६०च्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब, ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेला. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बाहेर स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लावला की काम झालं, असं बरेच गिटारवादक मानतात. व्होल्टेजपुरतं ते खरं आहे. फ्रिक्वेन्सी मात्र कुठलाच स्टेप-डाऊन बदलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सीवर ठरतो. म्हणून ५० हर्ट्झवरचे ११५ व्होल्ट जुन्या ट्रान्सफॉर्मरला ६० हर्ट्झवरच्या १३८ व्होल्टइतके जड जातात. तो गुणगुणतो, तापतो आणि आतलं इन्सुलेशन हळूहळू भाजत जातं.

शिवाय स्वस्त स्टेप-डाऊन बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचे) असतात, त्यांत मेन्सपासून, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्यापासून, आयसोलेशन नसतं. जुन्या दोन पिनी अँपमध्ये मेन्सच्या एका वायरीपासून चासीपर्यंत (अँपच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला आणि ती वायर फेजला असली, तर गिटारच्या तारांवर सरळ फेज येतो. हा कपॅसिटर मी सगळ्यात आधी कापून टाकला.

नवा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झसाठी बनवलेला, प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) २३० आणि २४०चे टॅप (जोडणीची टोकं) असलेला घेतला. सेकंडरीचं (अँपकडच्या वाइंडिंगचं) गणित असं: हाय टेन्शन (ट्यूबना लागणारं उच्च व्होल्टेज) ३३०-०-३३०, बायससाठी (पॉवर ट्यूबचा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजसाठी) वेगळा टॅप, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या ट्यूबला) ५ व्होल्ट आणि बाकी ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट. रेक्टिफायर ट्यूब जीझेड-३४ एकटा १.९ अँपिअर खातो. दोन ६व्ही६ (पॉवर ट्यूब) आणि सहा छोट्या ट्यूब मिळून २.७ अँपिअर, वर पायलट लॅम्प, म्हणजे ६.३च्या वाइंडिंगला किमान ३ अँपिअर हवेत, मी ४चं घेतलं.

उघडण्याआधी प्लग काढला आणि फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामे केले. मीटरवर ५ व्होल्टच्या खाली आल्यावरच हात घातला. तीन पिनी कॉर्डची अर्थ वायर चासीला स्वतंत्र बोल्टने कसली, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर नाही. ती फेजपेक्षा थोडी लांब ठेवली. कॉर्ड ओढली गेली तर अर्थ शेवटी तुटावी. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. २ अँपिअरच्या जागी १ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज. मूळ स्विच एकच वायर तोडतो, आणि आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं नवं नाही. त्यामुळे दोन्ही वायरी तोडणारा, २५० व्होल्टचा डबल-पोल स्विच बसवला.

पहिला करंट सिरीज बोर्डवरून, म्हणजे अँपच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब लावून आणि सगळ्या ट्यूब काढून. बल्ब क्षणभर लागून मंद झाला की ठीक; प्रखरच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बोर्ड काढून थेट मेन्सवर रीडिंग घेतली. लोड नसताना व्होल्टेज थोडं जास्तच दिसतं. पॉवर ट्यूबच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) उणे ३५ व्होल्टच्या आसपास बायस आल्याशिवाय त्या ट्यूब लावू नयेत.

पॉवर ट्यूब नसताना रेक्टिफायर लावला तर डीसी ३३० गुणिले १.४१, म्हणजे ४६५ व्होल्टपर्यंत चढतं. मूळ फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे. ते ५०० व्होल्टचे केल्याशिवाय हे काम अर्धवटच. क्षमता मात्र उगाच वाढवू नये: जीझेड-३४ला लगेच पुढच्या पहिल्या फिल्टर कपॅसिटरसाठी ६० मायक्रोफॅरड ही कमाल मर्यादा आहे.

सॉकेटवर २४०च्या आसपास मिळत होते, म्हणून २४०चा टॅप वापरला. लोडवर हीटर ६.३ दाखवत होता, ५.७ ते ६.९ चालतं, पण वरच्या टोकाला ट्यूबचं आयुष्य घटतं. पॉवर ट्यूबच्या प्लेटला (करंट गोळा करणाऱ्या टोकाला) ४१५ व्होल्ट. ६व्ही६च्या प्लेटच्या १२ वॉटच्या कमाल मर्यादेचे ७० टक्के म्हणजे ८.४ वॉट, म्हणून प्रत्येक ट्यूबला सुमारे २० मिलिअँपिअर. प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला (करंट सोडणाऱ्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर लावला की २० मिलिव्होल्ट वाचायचे. त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही असतो, म्हणजे प्लेटचा खरा आकडा किंचित कमीच.

स्टँडबायबद्दल, म्हणजे हीटर चालू ठेवून फक्त हाय टेन्शन तोडणाऱ्या स्विचबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. जीझेड-३४ सावकाश तापतो आणि हाय टेन्शन हळूहळू चढवतो, त्यामुळे या अँपला त्याची गरज नाही. तापलेल्या रेक्टिफायरवर स्विच टाकला की रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि रेक्टिफायर कमजोर होतो. तासन् तास स्टँडबायवर ठेवणंही वाईट: करंटविना तापत राहिलेल्या कॅथोडवर थर बसून ट्यूब मंदावते. मध्यंतर लांबलं तर अँप सरळ बंद करावा.