१०५.५ पूर्व : ऑक्टोबरच्या उन्हात डिश सेट केली, आता टॉवर आड यायच्या आधी जागा बदलायची

मंडळी, जूनमध्ये ताडपत्री टाकून झाकलेली सहा फुटी जाळीची डिश शेवटी उघडली. नट पार गंजलेले, डिझेल लावून रात्रभर ठेवले तेव्हा कुठे सुटले, आणि फीडहॉर्नच्या (डिशच्या समोर मध्यावरचं, सिग्नल गोळा करणारं नळकांडं) तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलेलं, ते जुन्या टूथब्रशनं हळूहळू काढलं. एलएनबी (फीडहॉर्नमागचा, सिग्नल वाढवून रिसीव्हरकडे पाठवणारा डबा) शाबूत आहे. सी बँडचाच आहे (मोठ्या डिशवाला फ्रिक्वेन्सीचा पट्टा), लोकल ऑसिलेटर (रिसीव्हरमध्ये भरायची एलएनबीची फ्रिक्वेन्सी) ५१५० मेगाहर्ट्झ, रिसीव्हरमध्ये चुकून केयू बँडचं (छोट्या डिशवाल्या पट्ट्याचं) सेटिंग राहिलं तर तासभर फुकट जातो, नवीन लोकांनी हे आधी बघा.

टार्गेट तेच, एशियासॅट ७ हा उपग्रह, १०५.५ अंश पूर्व रेखांशावरचा. बरेच जण विचारतात की सी बँडवर एवढे उपग्रह असताना १०५.५ च का. तर आपल्याकडे खासगी टीव्ही आला तो याच जागेवरून. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला तो एशियासॅट १ वरून, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी पण तिथूनच, आणि मुंबईतल्या केबलवाल्यांच्या गच्चीवरच्या मोठमोठ्या डिशा तेव्हा याच कोपऱ्याकडे तोंड करून असायच्या. आणि तो उपग्रह म्हणजे वापरलेला माल! मूळचा वेस्टार ६, फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर शटलमधून सोडला, मोटर नीट चालली नाही म्हणून खालच्याच कक्षेत अडकला, नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरीच्या अंतराळवीरांनी तो पकडून परत जमिनीवर आणला, मग दुरुस्त करून एप्रिल १९९० मध्ये चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून पुन्हा वर पाठवला. मला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी अंगावर काटा येतो. आताचा ७ नंबर नोव्हेंबर २०११ मध्ये बैकोनूरहून गेलाय, सी बँडचे २८ ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारे संच). पे चॅनेलशी मला घेणंदेणं नाही, ट्रान्सपॉन्डर लॉक झाला, म्हणजे रिसीव्हरनं त्याचा सिग्नल पकडला, की माझा दिवस चांगला जातो.

आता मुद्द्याचं. आमची विक्रोळीची बिल्डिंग चार मजल्यांची आणि बरोबर त्याच दिशेला रिडेव्हलपमेंटचा टॉवर उठतोय. मुंबईतून १०५.५ साठी उत्तरेपासून ११७ अंश फिरायचं आणि ४७ अंश वर बघायचं. पण होकायंत्र गच्चीतल्या सळयांमुळे भलतंच दाखवतं, त्यामुळे टॉवर नक्की आड येतो की थोडक्यात वाचतो ते कळेना. म्हणून सन आउटेजची वाट बघत थांबलो होतो.

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो आणि रोज काही मिनिटं रिसेप्शन जातं. सिग्नल कमी होत नाही, सूर्य स्वतःच त्या फ्रिक्वेन्सीवर एवढा नॉइज टाकतो की सिग्नल त्यात बुडतो. केबलवाले यावर वैतागतात, पण आपल्यासाठी याच्यासारखा मीटर नाही, कारण त्या मिनिटाला सूर्य जिथे दिसतो तिथेच उपग्रह आहे.

माझ्या हिशोबानं १ ऑक्टोबरची वेळ सकाळी ९:५७ निघाली. साडेनऊलाच वर जाऊन बसलो, रिसीव्हर आणि छोटा टीव्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत. रिसीव्हरवर सिग्नलची क्वालिटी ६१ होती, ९:४८ ला घसरायला लागली आणि सगळ्यात खाली गेली ९:५२ ला. म्हणजे पाच मिनिटं आधी! सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे माझी डिश सव्वा अंश पूर्वेला झुकलेली. ६१ वर लॉक मिळत होता म्हणून मी दोन वर्षं समजत होतो की अलाइनमेंट परफेक्ट आहे. मीटरवर लॉक आला की थांबू नका मंडळी, खरंच.

दुसऱ्या दिवशी डिशच्या मधल्या पत्र्यावर पांढरा कागद चिकटवला आणि मध्यावर पेननं फुली मारली. ९:५७ ला फीडहॉर्नची सावली फुलीच्या करंगळीभर बाजूला. नट सैल करून, दोन्ही हातांनी डिश धरून अगदी केसभर केसभर फिरवली, सावलीचा गोल सरकत सरकत फुलीवर येऊन बसला आणि तिथेच पाना मारला. सव्वादहाला, सूर्य पुढे गेल्यावर, क्वालिटी ७४! शेजारचे काका कपडे वाळत घालायला आले होते, त्यांना बोलावून आकडा दाखवला, ते म्हणाले पण चित्र कुठाय, तर ते पण दाखवलं.

त्याच वेळी दुसरं काम पण उरकलं. एक सळई ओळंब्यानं उभी धरून तिची सावली खडूनं गच्चीवर आखली. ती रेघ उलट दिशेला नजरेनं वाढवली तर थेट टॉवरच्या उजव्या टोकात घुसते. ४७ अंशांचा हिशोब सोपा आहे, टॉवर जेवढा लांब, आपल्या गच्चीच्या वर साधारण तेवढाच उंच झाला की खेळ संपला. अंतर पावलं मोजून ३५ मीटर, म्हणजे आमच्या गच्चीवर जेमतेम १२ मजले, जमिनीपासून धरले तर सोळा-सतरा. आज चौदावा स्लॅब भरलाय.

त्यामुळे डिश दक्षिणेच्या कोपऱ्यात न्यायची. तिथे सळई धरून तशीच रेघ काढून बघितली, टॉवरच्या कडेपासून चांगली दोन हात मोकळी जाते. जागेवर खडूची फुली मारून ठेवलीय, सेक्रेटरींना विचारून झालंय, त्यांनी गच्चीला भोक पाडू नका एवढंच सांगितलं, म्हणून लोखंडी फ्रेम करून तिच्यावर वाळूच्या गोण्या ठेवणार. केबल नऊ मीटर जास्त लागेल, आरजी-६ च घेतोय. फ्रेमचं वेल्डिंग पुढच्या रविवारी, आणि नवीन जागेवरची सावली ११ मार्चला, सकाळी १०:१८ ला तपासायची.