माझा अनुभव : जुन्या आठ मिलिमीटर रायफलसाठी काडतुसं भरताना

शिकारीच्या जुन्या रायफलसाठी काडतुसं स्वतः भरायची म्हटलं की पहिला वाद पावडरवरून, म्हणजे बंदुकीच्या दारूवरून होतो. मला विचाराल तर पावडर सगळ्यात शेवटी. माझ्याकडे आलेल्या रायफलच्या नळीवर नुसतं '८×५७' (आठ मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटर लांब पुंगळी) कोरलेलं होतं, गोळी नेमकी किती जाड हे सांगणारं एकही अक्षर पुढे नाही. मेख तिथेच होती.

१८८८ च्या जर्मन लष्करी काडतुसातली गोळी .३१८ इंच व्यासाची, म्हणजे सुमारे ८.०८ मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार 'एस' गोळी आली, ती .३२३ इंचाची. गोळी आणि पावडर धरणारी पितळी पुंगळी मात्र जवळजवळ तीच राहिली. त्यामुळे जाड गोळीचं काडतूस बारीक नळीच्या रायफलमध्येही पुष्कळदा बसतं, आणि चाप ओढल्यावर दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. शिकारी रायफली बनवणाऱ्यांनी बारीक नळी नंतरही बरीच वर्षं चालू ठेवली, म्हणून रायफल बनल्याच्या नुसत्या सालावरून काही ठरत नाही. याच भीतीपोटी अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या 'सामी' या संस्थेने या काडतुसाची दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवली. युरोपातल्या तशाच 'सीआयपी' या संस्थेची ८×५७ आयएस, म्हणजे जाड गोळीच्या काडतुसासाठीची मर्यादा ३,९०० बार, म्हणजे ५६,००० पीएसआयच्याही वर. पण सौम्य भरलं म्हणून जाड गोळी बारीक नळीला योग्य ठरत नाही.

तेव्हा नळी मोजणं आलं. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढला, नळीला आतून तेलाचा हात दिला आणि मऊ शुद्ध शिशाची थोडी मोठी गोळी पितळी दांड्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलली. तिच्यावर नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा ठसा उमटतो. चार खाचा असल्याने समोरासमोरचं माप मायक्रोमीटरने सरळ घेता आलं : .३१८५ इंच. नळी बारीक, प्रश्न मिटला. मग सेरोसेफ नावाच्या मिश्रधातूने चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीमागच्या पोकळीचा साचा घेतला. हा धातू सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. थंड होताना आधी किंचित आकसतो आणि तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो, म्हणून घाईने मोजण्यात अर्थ नाही. साच्यात दिसलं की खाचा सुरू होण्याआधीची मोकळी जागा बरीच लांब आहे. जुन्या लांब, बोथट गोळीसाठीच ती ठेवलेली असते. हेडस्पेस (बंद बोल्टपासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मात्र बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून गेज लावून तपासून घेतला. ते काम अंदाजाचं नाही.

एवढं हातात आल्यावर गोळी जवळपास आपोआप ठरली. .३१८ मध्ये निवड मूठभरच असते. मी १९६ ग्रेनची, बोथट नाकाची, मऊ शिशाच्या टोकाची घेतली. (ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास.) या नळ्यांतल्या खाचांचा पीळ साधारण २४० मिलिमीटरला एक फेरा असा असतो आणि तो जड, लांब गोळीला मानवतो. निव्वळ तांब्याच्या आधुनिक गोळ्यांचा मोह मी टाळला. त्यांना नीट उमलायला वेग लागतो आणि जुन्या रायफलकडून तो पिळून काढायची माझी तयारी नव्हती.

पुंगळ्यांचं दुखणं वेगळं. .३०-०६ या दुसऱ्या रायफल काडतुसाची पुंगळी कापून, दाबून ८×५७ बनवता येते आणि ते स्वस्तही पडतं. पण तिची मान (गोळी धरणारा वरचा भाग) जाड राहू शकते. अशी मान चेंबरमध्ये घट्ट बसली तर गोळी सुटायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. शिवाय बुडावरचा शिक्का वेगळ्याच काडतुसाचा. मी योग्य शिक्क्याच्या नव्या पुंगळ्या घेतल्या. रिसायझिंग डाय (उडालेली पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) मुद्दाम थोडी वर ठेवली, म्हणजे मानेखालचा उतरता खांदा गरजेपुरताच मागे सरकतो. दर वेळी खांदा जास्त मागे ढकलला तर पितळ ताणलं जातं आणि बुडाजवळ आतून पातळ होतं. टोक वाकवलेली तार आत फिरवली की त्या पातळ जागेची खाच हाताला लागते. लागली की पुंगळी बाद.

प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) साधे, लार्ज रायफल बॉक्सर प्रकारचे. जास्त जोराने पेटणारे मॅग्नम प्रायमर सहज बदली म्हणून वापरायचे नाहीत, त्यांनी दाब बदलतो.

उरली पावडर. लोडिंगच्या छापील पुस्तिकेत .३१८ नळीसाठी, याच वजनाच्या गोळीचा वेगळा तक्ता असेल तरच तो धरला; .३२३ चे आकडे इकडे चालवले नाहीत. मध्यम वेगाने जळणारी पावडर निवडली आणि पुस्तिकेतल्या किमान मात्रेपासून सुरुवात केली. त्याहूनही खाली गेलं की जास्त सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. हळू जळणाऱ्या पावडरीत ते उलटू शकतं : पुंगळी बरीच रिकामी राहिली की दाब अचानक, बेभरवशाने उसळल्याची उदाहरणं आहेत.

कमाल मात्रेच्या बऱ्याच खालीच गोळ्या एका जागी पडू लागल्या. उघड्या साइटवर मला तेवढं पुरतं, तिथेच थांबलो. भरलेली काडतुसं वेगळ्या डब्यात असतात आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : 'फक्त .३१८'. खरं तर ही काडतुसं चुकून .३२३ च्या रायफलमध्ये गेली तर नेम बिघडेल, एवढंच. डबा वेगळा ठेवायचा तो जाड गोळीचं एखादं काडतूस त्यात मिसळू नये म्हणून.