"मी फोटोत काळी येते"

फोटोग्राफीच्या नवशिक्यांच्या वर्गात तिसऱ्या तासाला मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी किती उजेड आत घ्यायचा ते, शिकवतो. तोवर ॲपर्चर (लेन्समधलं भोक किती उघडं, त्याचा आकडा 'एफ'), शटर (ते सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) सांगून झालेलं असतं. एफ ४ वरून एफ ५.६ वर गेलं की प्रकाश निम्मा, शटर १/६० वरून १/१२५ वर नेलं तरी निम्मा, हा हिशेब वह्यांत उतरलेला असतो. पण आपण ऑटोवर फोटो काढतो तेव्हा हे आकडे कॅमेरा कशाच्या भरवशावर ठरवतो, हे सहसा कुणी विचारत नाही.

एका तुकडीत एक ताई होत्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "सर, मुलीचे फोटो अंधारे येतात." मी घाईत होतो. फोटो न बघताच "फ्लॅश वापरून बघा" म्हणालो आणि पुढे गेलो. फोटो न बघता दिलेला सल्ला हा सल्लाच नसतो, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं.

तिसऱ्या तासाला त्या मुलीला घेऊन आल्या. नऊ-दहा वर्षांची पोर, अंगात कराटेचा पांढरा पोशाख; तास संपला की तिचा सराव होता. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. ताईंनी कॅमेरा माझ्यापुढे धरला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, ही आता फोटोच काढू देत नाही. म्हणते, मी फोटोत काळी येते."

मी एकेक फोटो बघत गेलो. पांढऱ्या भिंतीपुढे, पांढऱ्या पोशाखात ती उभी. चेहरा इतका काळवंडलेला की डोळे शोधावे लागत होते. फ्लॅशचे फोटोही होते. त्यांत कपाळावर तेवढा चकचकीत डाग, बाकी सगळं तसंच मंद.

मी म्हणालो, "ताई, चेहरा सोडा. पोशाख बघा. तो पांढरा आलाय का?"

त्यांनी स्क्रीन जवळ घेतली. पोशाख राखाडी होता. भिंतसुद्धा. पाऊस भरून आल्यावर दिसते तशी.

मग ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि सगळ्यांना खिडकीजवळ बोलावलं. टेबलावर एक कोरा पांढरा कागद ठेवला, शेजारी कुणाचं तरी काळं जॅकेट. आयएसओ ४००, एफ ५.६, शटर कॅमेऱ्याने ठरवायचं, मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड मोजायची पद्धत, सेंटर-वेटेडवर (चौकटीच्या मध्यावर जास्त भर). आधी चौकटभर फक्त कागद: कॅमेऱ्याने १/२५० निवडलं. मग चौकटभर फक्त जॅकेट: १/१५. उजेड तोच, खिडकी तीच, आणि कॅमेऱ्याने आत घेतलेला प्रकाश मात्र सोळापट. दोन्ही फोटो शेजारी लावले तर कागद कुठला आणि जॅकेट कुठलं, हे विणीवरूनच ओळखावं लागत होतं. दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगाचे.

एकजण म्हणाला, "कॅमेरा बिघडलाय." बिघडलेला नव्हता. कॅमेऱ्यातल्या मीटरला वस्तू कळत नाही, तिच्यावरून परतलेला उजेड तेवढा मोजता येतो. आणि समोर जे असेल ते मधल्या करड्यासारखं, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं, आहे असं धरून तो हिशेब करतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो शटर लवकर मिटतो. भिंत आणि पोशाख करडे होतात आणि त्यांच्याबरोबर चेहराही खाली ओढला जातो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून पुष्कळ सावरून घेतात, पण सगळीकडे पांढरं असलं की अजूनही गल्लत होते.

रंगीत फिल्मच्या काळात तर प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये जी नमुना-कार्डं असत, 'शर्ली कार्डं', त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या स्त्रियांचेच फोटो होते. सावळ्या माणसाचा फोटो बिघडला की दोष त्या माणसाच्याच माथी. हे मी वर्गात सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज चढला होता. मागच्या बाकावर एक मूल तोच दोष स्वतःच्या माथी घेऊन बसलं होतं.

"येतेस का इकडे? एकच फोटो." ती आईकडे बघत उठली आणि भिंतीपुढे उभी राहिली. कॅमेरा मी ताईंच्याच हातात दिला. पहिला फोटो काहीही न बदलता: १/२५०, चेहरा पुन्हा काळवंडलेला. मग अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून चकती फिरवायला लावली, अधिक १.७ वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा जास्त उजेड घ्यायला. शटर आपोआप १/८० वर आलं. ताईंनी श्वास रोखून बटण दाबलं.

पोशाख पांढरा आला, शिवण दिसेल इतका स्वच्छ. आणि चेहरा त्या पोरीचा होता. तिचाच सावळा रंग, गालावर खिडकीचा उजेड, भुवईजवळची जुनी खूण, आणि दोन्ही डोळे. हिस्टोग्रामवरचा (डावीकडे काळ्या, उजवीकडे पांढऱ्या छटा दाखवणाऱ्या आलेखावरचा) डोंगर उजवीकडे सरकला होता, पण काठाला टेकला नव्हता, म्हणजे पांढऱ्यातला तपशील शाबूत होता. फोटो नंतर उजळता येतो हे खरं, पण काळोखातून ओढून काढलेल्या चेहऱ्यावर नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, उठतो.

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त स्क्रीन मुलीकडे वळवली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "किक मारतानाचा काढ."

१/८० ला पाय नुसता फराटा आला. आयएसओ १६०० केला, शटर १/३२० पर्यंत गेलं आणि पाय हवेत थांबला. तिने स्क्रीन बोटांनी मोठी केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि आईला म्हणाली, "गुडघा खालीच राहिलाय. परत काढ."