एका मेसेजपायी अडकलेली ३२ एमबीची फाइल

मे महिन्यातली रात्र. अमळनेरला गच्चीवर झोपलो होतो. साडेअकराला सावद्याहून फोन आला: वजनकाट्यावरच्या नोंदी पुढे जात नाहीत, केळीच्या तीन गाड्या भरून उभ्या आहेत. आई जागी झाली. "काय व्हयनं रे?" लॅपटॉप उघडून तिथंच बसलो.

आमच्या नोंदी अ‍ॅक्टिव्हएमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेतून जळगावच्या सर्व्हरवर येतात. साठ्याला ४० जीबीची मर्यादा दिली होती, ती पूर्ण भरलेली. मर्यादा संपली की ब्रोकर, म्हणजे तेच सॉफ्टवेअर, पाठवणाऱ्याला थांबवून धरतो, काट्यावर तेच झालं होतं. पण मुख्य रांग तर रिकामी! सगळे मेसेज वाचून झालेले, पोचपावत्या आलेल्या, आणि तरी डिस्कवर काहाडीबीच्या, म्हणजे ब्रोकर मेसेज जिथं साठवतो त्या साठ्याच्या, बाराशेच्या वर फाइली.

"भाऊ, जुन्या लॉग फाइली उडवून देऊ का?" सर्व्हरपाशी बसलेल्या पोराने विचारलं.

"हात लावू नको. मेसेज त्यातच असतात."

काहाडीबी प्रत्येक मेसेज आणि प्रत्येक पोचपावती फाइलीच्या शेवटी लिहीत जातं. फाइल ३२ एमबीची झाली की पुढची उघडतं. मधली मोकळी झालेली जागा ते परत वापरत नाही. फाइल जाते ती अख्खीच, आणि तीही आतला शेवटचा मेसेज निकाली निघाल्यावर. केळीची गाडी शेवटचा घड उतरेपर्यंत मोकळी होत नाही, तसंच. एक मेसेज दोन केबीचा असला तरी ३२ एमबी अडून राहतात.

मग अडवतंय कोण? ट्रेस लॉग, म्हणजे ब्रोकर आत काय करतो त्याचा बारीक तपशील, चालू केला. निकाली निघालेल्या फाइलींची साफसफाई दर ३० सेकंदांनी होते, आणि कोणत्या रांगेपायी किती फाइली राहिल्या ते त्यात रांगेगणिक दिसतं. एका नावाशी आकडा अडकला: डेड लेटर रांग, म्हणजे न स्वीकारलेले मेसेज बाजूला ठेवायची रांग. जुन्या काट्यांवरून वजनाचा रकाना कोरा असलेल्या नोंदी येत होत्या. पहिल्यांदा आणि नंतर सहा वेळा पुन्हा देऊनही स्वीकारल्या गेल्या नाहीत, की ब्रोकर त्या तिकडे टाकत होता. तिकडे टाकणं म्हणजे चालू फाइलीत नव्याने लिहिणं. रोज थोड्याथोड्या, महिनोन्‌महिने. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फाइलीत एखाददुसरी नोंद जिवंत. ती रांग कोणी बघतच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण त्या एकेका नोंदीमागे कुणाच्या तरी मालाचं वजन होतं.

म्हणून आधी सगळ्या नोंदी बाहेर काढून जपून ठेवल्या, मगच रांग रिकामी केली. पुढच्या साफसफाईत फाइली भराभर गेल्या, साठ्याची टक्केवारी घसरली आणि सावद्याच्या नोंदी सुरू झाल्या. गाड्या पहाटेच्या आत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी डेड लेटर रांगेला वेगळा साठा दिला, म्हणजे तिच्या फाइली मुख्य रांगेच्या फाइलींत मिसळत नाहीत. रोज सकाळी तिचा आकडा मी बघतो. बाहेर काढलेल्या नोंदींची वजनं काट्यावरच्या कागदी पावत्यांवरून भरायला आम्हाला आठवडा लागला.