थकून कुठी जाऊ

दिवाळीच्या सुट्या, कार्तिकातली दुपार. शेजारच्यांच्या ओसरीवर कापसाचा काटा लागला होता. वेचणीच्या बाया एकेक करून गाठोडी आणून टाकत होत्या. एक मावशी आपलं गाठोडं टाकून तिथेच भिंतीला पाठ लावून बसल्या. बोटं पाहिली त्यांची. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून लागून नखांच्या कडा फाटलेल्या, भेगांत काळी माती. किलोमागे दहा-बारा रुपये मजुरी, त्यामुळे नजर काट्यावरून हलत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "थकल्या का वो मावशी?"

"थकून कुठी जाऊ बाप्पा?" काट्याकडे पाहतच त्या म्हणाल्या.

बाकीच्या बाया हसल्या, मीही हसलो. घरी येऊन पेपर तपासायला बसलो, पण त्या दुपारी गठ्ठा काही सुटला नाही.

आमच्याकडे स्वतःबद्दल "थकलो" म्हणायची पद्धतच नाही. ते दुसऱ्यांनी म्हणायचं. "बुढे थकले आता" म्हणजे वय झालं. सोयाबीनचा कट्टा उचलत नाहीत, पंगतीत आग्रह केला तरी हात आडवा धरतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणावर रागवत नाहीत. चालत्या-फिरत्या माणसानं हे स्वतःच्या तोंडानं कसं म्हणावं? म्हणून तो दोष वाटून देतो. कंबर धरली, पिंढऱ्या भरल्या, आंग मोडून आलं. जणू कंबर कुठल्या तिसऱ्याच माणसाची आणि हा नुसता निरोप्या. उन्हाळ्यात तर तेवढंही लागत नाही. पारा ४५ च्या वर गेला की सगळंच उन्हाच्या नावावर टाकता येतं. "ऊन लय हाये बाप्पा" म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

खरं काय ते बसताना कळतं. गुडघ्यांवर हात ठेवून माणूस खाली टेकतो आणि तोंडातून "जय गजानन" निघतं. मला एक खोड आहे. त्या "जय गजानन"च्या लांबीवरून माणसाचा दिवस कसा गेला ते मी ओळखतो. डवऱ्यामागून आलेल्याचं आखूड असतं, श्वासाबरोबरच संपतं. दिवसभर कचेरीच्या बाकावर बसून काम न होता परतलेल्याचं लांब असतं, आणि त्याच्या शेपटाला एखादी शिवीही लागलेली असते. महाराज समजून घेतात.

थकवा उघड मान्य केलेला मी लहानपणी वर्षातून एकदाच पाहायचो, तोही बैलांचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. बैल दुपारीच नदीवरून धुऊन आणलेले असायचे. बाबा वाटीत तूप आणि हळद कालवायचे, घंगाळात कोमट पाणी, आणि पळसाची पानं. जू जिथे बसतं ती जागा मी कंदिलाच्या उजेडात जवळून पाहायचो. तिथले केस गेलेले, कातडी जाड आणि काळपट, हाताला चपलेच्या तळासारखी लागायची. बाबा पानानं तूप लावून ती जागा चोळायचे, हळूहळू, न बोलता. एरवी त्याच बैलांच्या साऱ्या खानदानाचा उद्धार करणारा माणूस. बैल आधी कातडी थरथरवायचा, मग मान खाली सोडून द्यायचा. आणि मग बाबा त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला अहोजाहो! मला ते फार गंमतीचं वाटायचं.

आजोबा खाटेवर बसून हे सगळं पाहत असायचे. एका वर्षी म्हणाले, "उरलं तूप तं माह्याही खांद्याले लाव रे." गोठ्यातले सगळे हसले, सालदारही हसला. बाबांनी वाटी पुसून तिसऱ्यांदा बैलालाच लावली.

आजोबांनी उभ्या आयुष्यात त्या खांद्यावर काय काय वाहिलं याचा हिशेब मला तेव्हा नव्हता. आजही पुरता नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापीडा गावाबाहेर घेऊन जाणारा पुतळा. नागपुरात काळी आणि पिवळी अशा मोठ्या मारबती निघतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. आमच्या गावात आम्ही पोरंच ओरडत शिवेपर्यंत जायचो. खोकला घेऊन जाय, रोगराई घेऊन जाय, इडा पीडा घेऊन जाय गे मारबत! माशा, मच्छर, ढेकूण, सगळ्यांची नावं घ्यायचो. भाव पडले की व्यापाऱ्यांचं आणि सरकारचंही नाव यायचं. पण थकवा घेऊन जाय, असं कोणी ओरडल्याचं काही आठवत नाही. बहुतेक तो पीडेत धरत नसावेत. किंवा तो गेला तर उरेल काय, अशी शंका असेल.

आता गावात सलाईन आली आहे. वेचणी संपली की, किंवा निंदणाचा जोर ओसरला की, बाया फाट्यावरच्या डॉक्टरकडे जातात. "कमजोरी आली, एक बाटली लावून द्या." अर्धा लिटर पाणी आणि त्यात साडेचार ग्रॅम मीठ. डॉक्टरलाही माहीत असतं, बाईलाही थोडंफार माहीत असतं. मी पूर्वी यावर वर्गात चांगलं झोडायचो, अंधश्रद्धेच्या धड्याला जोडून. मग एकदा आईसोबत तिथे बसायची वेळ आली. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे मिटून पडली होती. हाताला सुई असल्यामुळे उठता येत नव्हतं. फोन वाजला तर नर्सनं उचलला आणि दटावलं, "बाटली चालू हाये, अर्ध्या घंट्यानं लावा." बाईनं डोळे न उघडताच पाय लांब केले. बाटली संपत आली तसे तिनं थेंब आणखी हळू करायला सांगितले. त्या दिवसापासून तो धडा मी तसा शिकवत नाही.

भाचा पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा सांगत होता की त्याला बर्नआऊट, म्हणजे नोकरीचा थकवा, झाला आणि त्यासाठी रजाही मिळाली. मला हेवा वाटला. नाव आहे, रजा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या यादीत त्याची व्याख्याही करून ठेवली आहे, आजार म्हणून नव्हे, नोकरीधंद्यातून येणारी अवस्था म्हणून. पण तिथे एक ओळ आहे, की नोकरीधंद्याबाहेरच्या आयुष्याला हा शब्द लावू नये. भाचा हे मोबाइलवर वाचून दाखवत होता तेव्हा माझी बहीण चुलीवर तिसरा घाणा तळत होती.

"थकलो" हा शब्द आमच्या घरात फक्त मी वापरतो. शाळेतून आलो की चपला काढायच्या आधीच. तो शब्द पडला की आतून भांड्याचा आवाज येतो आणि चहा होतो. इतक्या वर्षांत त्याचा अर्थच "चहा मांड" असा झाला आहे. बायकोच्या तोंडी तो कधी ऐकला नाही, आणि ऐकला असता तरी चहा कोणी मांडला असता?

मावशींचं उत्तर डोक्यात होतंच. संध्याकाळी बायको अंगणातले कपडे काढून आत आली, घडी घालायला बसली, आणि मी अगदी मनापासून विचारलं, "थकली का गं?"

तिनं हातातली घडी थांबवून माझ्याकडे पाहिलं. "काहून? काय पाहिजे?"

"चहा," मी म्हटलं.